आधी अंधार मोजा, मग प्रोजेक्टर निवडा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या टू बीएचके सदनिकेच्या हॉलमध्ये तुम्हाला होम थिएटर करायचे आहे. हॉल ११ फूट रुंद आणि १६ फूट लांब आहे, छत साडेनऊ फुटांवर आहे, एका लांब भिंतीला गॅलरीचे सरकते काचेचे दार आहे, भिंती पांढऱ्या आहेत आणि खोलीच्या मध्यावर पंखा आहे. सगळा खर्च २ लाखांत बसवायचा आहे आणि चित्र १२० इंची हवे आहे. दिव्यावर चालणारा नेहमीचा होम थिएटर प्रोजेक्टर, भिंतीलगत ठेवायचा लेझरचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो आणि खोक्यावर ९,००० लुमेन (लुमेन म्हणजे प्रोजेक्टर टाकतो त्या एकूण उजेडाचे माप) लिहिलेला छोटा स्मार्ट प्रोजेक्टर, या तिघांत तुमचा निर्णय अडला आहे. घरातला ५५ इंची टीव्ही विकून टाकावा का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली १४ वर्षे पुणे आणि नाशिक परिसरात घरोघरी प्रोजेक्टर बसवण्याचे काम करतो. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर प्रोजेक्टरपासून सुरू करून कधीच नीट देता आलेले नाही. तुम्ही तीन यंत्रांची तुलना केली आहे, पण ज्या खोलीत ती चालायची आहेत तिच्यात रात्री दार लावल्यावर आणि दुपारी पडदे ओढल्यावर किती उजेड उरतो, हे तुमच्या प्रश्नात कुठेही नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे: या हॉलमध्ये किती अंधार करता येईल, आणि त्या अंधारात केवढे चित्र शोभेल. या दोन्हींची उत्तरे मिळाली की तीन पर्यायांतले दोन आपोआप गळतात.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत खिडकीचाही पडदा आणि सिनेमाचाही पडदाच, त्यामुळे साइटवर कामगारांशी बोलताना कायम घोळ होतो. इथे मी खिडकीच्या कापडाला पडदा म्हणेन आणि चित्र पडते त्या पृष्ठभागाला स्क्रीन म्हणेन.

अंधाराला मी इतके महत्त्व का देतो, ते आकड्यांत सांगतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा भाग म्हणजे प्रोजेक्टरने जवळजवळ उजेड न टाकलेली स्क्रीन, आणि त्या वेळी ती खोलीतल्या उजेडात जितकी करडी दिसते तितकाच तुमचा ‘काळा’ काळा असतो. ११० इंची चित्राचे क्षेत्रफळ साधारण ३.३४ चौरस मीटर होते. त्यावर खऱ्याखुऱ्या १,५०० लुमेनचा प्रोजेक्टर टाकला, तर साध्या पांढऱ्या मॅट स्क्रीनवर पांढरा भाग सुमारे १४३ निट (डोळ्यांना दिसणाऱ्या उजळपणाचे माप) इतका उजळतो. आता हॉलमधल्या ट्यूबलाइट चालू ठेवा. स्क्रीनवर १०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड सहज पडतो, आणि तेवढ्यानेच काळा भाग ३२ निटांवर जातो. म्हणजे पांढऱ्यात आणि काळ्यात जेमतेम साडेपाच पटींचा फरक राहतो. दुपारी गॅलरीचे दार उघडे असेल आणि स्क्रीनवर ३०० लक्स येत असतील, तर तो फरक अडीच पटींवर येतो. अशा चित्रात माणसांचे केस, रात्रीचे रस्ते, गडद कपडे सगळे एकाच राखाडी धुक्यात बुडतात. तेच पडदे नीट लावून उजेड १ लक्सपर्यंत खाली आणला, तर खोलीतल्या उजेडाने होणारे नुकसान जवळजवळ संपते आणि यंत्राची स्वतःची गुणवत्ता दिसू लागते. प्रोजेक्टर दुप्पट किमतीचा घेऊन जो फरक पडणार नाही, तो इथे जाड अस्तराच्या पडद्याने पडतो.

म्हणून आज रात्रीच एक काम करा. मोबाइलवर लक्स मोजण्याचे एखादे अ‍ॅप घ्या. ते अचूक नसते, पण अंदाजाला पुरते. स्क्रीनच्या जागी भिंतीला फोनची पाठ लावून रात्री दिवे बंद असताना, दिवे चालू असताना आणि उद्या दुपारी पडदे ओढून, असे तीन आकडे लिहून ठेवा. फोनचा प्रकाशसंवेदक बहुधा पुढच्या बाजूस असतो, त्यामुळे काच खोलीकडे राहील याची काळजी घ्या. दिवे बंद असतानाचा आकडा ५ पेक्षा कमी आला, तर रात्रीच्या सिनेमासाठी तुमची खोली तयार आहे. दुपारचा पडदे ओढलेला आकडा ३० ते ४० च्या वर राहिला, तर दुपारी प्रोजेक्टर लावण्याचा विचार सोडा किंवा पडद्यांचे काम आधी करा.

पडद्यांबाबत माझा अनुभव असा आहे, की उजेड कापडातून कमी आणि कडांमधून जास्त येतो. ब्लॅकआउट कापड चांगले निवडतात, पण रॉड दाराच्या चौकटीएवढाच लावतात आणि मग वरून व दोन्ही बाजूंनी उजेडाच्या उभ्या-आडव्या फटी राहतात. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना किमान ८ इंच पुढे न्या, शक्य असेल तर वरचा भाग छतालगत घ्या आणि पडदा जमिनीला टेकेल इतका लांब शिवा. सरकत्या दारासाठी दोन पडदे मध्ये एकमेकांवर अर्धा फूट येतील असे करा.

दुसरा चोर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि पांढरे छत. खोलीत मिट्ट काळोख असला, तरी स्क्रीनवरचाच उजेड भिंतींवर आणि छतावर आपटून परत स्क्रीनवर येतो. नाशिकच्या एका घरात यजमानांना हे पटत नव्हते. मी गाडीतल्या दोन काळ्या चादरी काढल्या आणि स्क्रीनच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर स्क्रीनपासून पुढे चार फूट टेपने चिकटवल्या, उजवी भिंत तशीच पांढरी ठेवली. मग अर्धे चित्र उजळ आणि अर्धे गडद असलेले एक दृश्य थांबवून ठेवले. चादरीकडच्या बाजूचा कोट काळा होता आणि त्याच्या गुंड्या वेगळ्या दिसत होत्या, उजवीकडच्या माणसाचा तसलाच कोट मात्र धुतलेल्या पाटीसारखा करडा दिसत होता. त्यांच्या आईंनीच उठून दोन्हीकडे बोट दाखवले. दुसऱ्या आठवड्यात तिथे रंगारी आला.

हॉल राहता आहे, घरच्यांना काळ्या भिंती नको असतात, आणि ते योग्यच आहे. स्क्रीनच्या भिंतीला आणि तिच्यालगतच्या दोन्ही भिंतींना पुढे चार-पाच फुटांपर्यंत गडद, पूर्ण मॅट रंग द्या. मातकट तपकिरी, गडद निळा, शेवाळी, जो आवडेल तो चालेल, पण त्याला चमक नको. छताला जमले तर तेवढ्याच पट्ट्यात द्या. तेही नको असेल, तर बाजूच्या भिंतींवर ओढता येणारे गडद पडदे लावा, सिनेमाच्या वेळी ओढा, एरवी गोळा करून ठेवा.

आता चित्राच्या आकाराकडे येऊ. तुमचा सोफा मागच्या भिंतीला लागून असेल असे धरतो. म्हणजे डोळे स्क्रीनपासून अंदाजे ४ मीटरवर येतील. १०० इंची चित्राची रुंदी २२१ सेंटिमीटर असते, ११० इंचीची २४३ आणि १२० इंचीची २६६. चार मीटरवरून ही तीन चित्रे अनुक्रमे सुमारे ३१, ३४ आणि ३७ अंशांच्या कोनात दिसतात. सिनेमासाठी ३० ते ४० अंश हा सुखाचा पल्ला मानला जातो, तेव्हा डोळ्यांच्या हिशोबाने तुमचे १२० इंच चुकीचे नाहीत. अडचण वेगळी आहे. तुमची भिंत ११ फूट, म्हणजे ३३५ सेंटिमीटर आहे. १२० इंची स्क्रीन लावल्यावर दोन्ही बाजूंना ३४-३४ सेंटिमीटर उरतात, आणि त्यात स्क्रीनची काळी चौकट, डावे-उजवे स्पीकर आणि बाजूच्या पडद्यांची घडी बसवायची आहे. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबला की खालचे सूर घुमू लागतात आणि संवाद जड होतात. ११० इंचांना दोन्ही बाजूंना ४६ सेंटिमीटर मिळतात, तोच उजेड सुमारे १६ टक्के कमी क्षेत्रावर पसरल्याने चित्र थोडे जास्त उजळ होते, आणि सोफ्यावरून पाहणाऱ्याला १० इंचांची उणीव कळतही नाही. माझे मत ११० ला आहे.

पण माझ्या मतावर विसंबू नका. वर्तमानपत्राची पाने चिकटवून भिंतीवर दोन्ही मापांचे आयत करा आणि दोन संध्याकाळी समोर बसून पाहा. खालची कड जमिनीपासून ६५ ते ७० सेंटिमीटरवर धरा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात, ते चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात पडले की मान अवघडत नाही. स्क्रीन छताला टेकवून उंच लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. दोन तासांच्या सिनेमानंतर मान दुखते, आणि दोष सोफ्याला दिला जातो.

एवढे झाल्यावर यंत्रांकडे पाहू. पहिला निकाल छोट्या स्मार्ट प्रोजेक्टरचा. खोक्यावरचा ९,००० हा आकडा कशाचा आहे, ते खोक्यावर लिहिलेले नसते. ज्याला आन्सी किंवा आयएसओ लुमेन म्हणतात, ते पूर्ण पांढऱ्या चित्राच्या नऊ ठिकाणी लक्स मोजून, सरासरी काढून, क्षेत्रफळाने गुणून मिळतात. नुसते ‘लुमेन’ किंवा ‘एलईडी लुमेन’ लिहिले असेल, तर त्याला कोणतेही बंधन नाही. असाच एक प्रोजेक्टर एका ग्राहकाने माझ्याकडे आणला होता. १०० इंची पांढरे चित्र टाकून मी नऊ ठिकाणी मीटर धरला, सरासरी १५० लक्सच्या जवळ आली. क्षेत्रफळ २.७५ चौरस मीटर, म्हणजे हाती आले सुमारे ४१० लुमेन. पूर्ण अंधारात, ८० इंचांपर्यंत, मुलांच्या खोलीत तो वाईट नाही. तुमच्या ११० इंचांसाठी तो मनातून काढून टाका. नामांकित कंपन्यांचे छोटे प्रोजेक्टरही मिळतात आणि ते आन्सी किंवा आयएसओ आकडा प्रामाणिकपणे छापतात, पण त्यांची खरी किंमत उचलून नेण्याच्या सोयीत आहे आणि तुम्हाला ती सोय नको आहे.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो हे चांगले यंत्र आहे, आणि तुमची खोली दिवसाही उजळच राहणार असती तर मी त्याचाच आग्रह धरला असता. मात्र त्याचा उजेड खालून फार तिरपा येतो, त्यामुळे स्क्रीन काचेसारखी सपाट लागते. गुंडाळीच्या साध्या स्क्रीनवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर बारीकशी लाटही त्यात डोंगरासारखी दिसते. वरून येणारा उजेड अडवून खालचा परतवणारी खास कडक स्क्रीन त्याला हवी असते, आणि त्या स्क्रीनची किंमत धरल्यावर २ लाखांत चांगले यंत्र, चांगली स्क्रीन आणि आवाज हे तिन्ही बसत नाहीत. दोनच बसतात, आणि बहुतेक लोक आवाज सोडतात. तसे करू नये.

राहिला नेहमीचा होम थिएटर प्रोजेक्टर, आणि तुमच्यासाठी माझी शिफारस तीच आहे. लुमेनचा हिशोब असा करा. व्यावसायिक चित्रपटगृहात पांढऱ्याची पातळी ४८ निट धरतात. ११० इंचांवर तेवढे मिळवायला फक्त ५०० लुमेन पुरतात. घरी थोडे जास्त उजळ चित्र बरे वाटते, आणि दिवा जुना होत जातो तसा त्याचा उजेड घटतो. दिव्याचे आयुष्य संपले असे कंपन्या म्हणतात ते सहसा उजेड निम्म्यावर आल्यावर. त्यामुळे सिनेमासाठीच्या रंगमोडमध्ये नव्याने १,२०० ते १,५०० लुमेन देणारे यंत्र पुरेसे आहे. पत्रकावर छापलेला मोठा आकडा हा बहुतेक वेळा सर्वांत उजळ, हिरवट छटेच्या मोडचा असतो. सिनेमा मोडमध्ये त्याचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग हाती येतो असे धरून चाला.

१०८० की ४के, हाही प्रश्न तुमच्या मनात असणारच. १०८० च्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात, ४के मध्ये त्याच्या दुप्पट. २४३ सेंटिमीटर रुंदीत १,९२० ठिपके मांडले तर एक ठिपका सुमारे १.२७ मिलिमीटरचा होतो, आणि चार मीटरवरून तो साधारण एक कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनात दिसतो. निरोगी डोळ्याची बारीकसारीक ओळखण्याची मर्यादाही तिथेच आहे. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून चांगला १०८० अगदी सीमेवर आहे. कोणी पुढे गालिचावर बसले तर फरक दिसेल. म्हणून २ लाखांच्या आत जर साधा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) असलेला ४के आणि उत्तम कॉन्ट्रास्ट असलेला १०८० यांत निवड करायची वेळ आली, तर मी दुसऱ्याकडे झुकतो. खिशाला परवडून दोन्ही मिळत असतील तर प्रश्नच नाही.

तंत्रज्ञानात मुख्य दोन पंथ आहेत. बारीक आरशांची एक चिप असलेल्या डीएलपी प्रोजेक्टरचे चित्र कडक, धारदार असते, पण त्यात रंग एकापाठोपाठ एक टाकले जातात आणि काहींना नजर फिरवताना पांढऱ्या कडांवर लाल-हिरव्या-निळ्या झळा दिसतात. हे माणसागणिक बदलते, म्हणून दुकानात जाताना घरच्या सगळ्यांना न्या. काळ्यावर पांढरी श्रेयनामावली चालू असताना डोळे झरझर डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगा. एकालाही झळा दिसल्या आणि त्रास झाला, तर डीएलपी घेऊ नका. थ्रीएलसीडी प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक रंगाला वेगळे एलसीडी पॅनेल असते आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, त्यामुळे हा त्रास नाही. मात्र धूळ आत शिरून पॅनेलवर बसली तर चित्रात रंगीत डाग उमटतात आणि ते काढायला सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. रस्त्यालगतच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर हा मुद्दा हलका समजू नका. तुमच्या शहरात त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि भारतातली वॉरंटी आहे का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. परदेशातून आणलेले यंत्र स्वस्त पडते, ते बिघडेपर्यंत.

दिवा की लेझर, हे वापरावर ठरवा. आठवड्याला तीन सिनेमे पाहिले तर वर्षाला ४०० तासही होत नाहीत. ४,००० तासांचा दिवा मग दहा वर्षांच्या हिशोबाचा झाला, तो निम्म्यात बदलला तरी पाच वर्षे निघतात. रोज तीन तास मालिका, सामने, बातम्या सगळे त्यावरच पाहणार असाल, तर वर्षाला १,१०० तास होतात आणि २०,००० तासांचे लेझर परवडते. तुम्ही टीव्ही घरात ठेवलात, आणि ठेवावा असे माझे म्हणणे आहे, तर दिवा पुरेसा आहे.

इथवरचा सारांश: पडदे आणि रंग आधी, ११० इंची चित्र, सिनेमा मोडमध्ये १,२०० ते १,५०० लुमेनचा साधा थ्रो असलेला होम थिएटर प्रोजेक्टर. तुमच्या २ लाखांची माझी विभागणी अशी असती: प्रोजेक्टरला १ लाखाच्या आसपास, स्क्रीनला २० ते २५ हजार, पडदे-रंग-वायरिंगला २५ हजार आणि उरलेले ५० हजार आवाजाला.

आता बसवण्याचे काम, आणि पैसे खर्चूनही लोक जिथे चुकतात ते हेच. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. एखाद्या प्रोजेक्टरचा रेशो १.३ ते २.१ असेल, तर २.४३ मीटर रुंदीसाठी लेन्स ३.२ ते ५.१ मीटरच्या दरम्यान कुठेही चालेल. तुमची खोली ४.८८ मीटरची आहे. मागे यंत्राची लांबी, केबलचे वळण आणि हवेची जागा मिळून अर्धा मीटर सोडा, म्हणजे लेन्स ४.४ मीटरवर आली. ती पल्ल्यात बसते. पण रेशो १.२ च्या आत असलेला प्रोजेक्टर घेतलात, तर त्याला २.९ मीटरवर, म्हणजे पंख्याच्या पात्याखालीच टांगावे लागेल. खरेदीआधी हा भागाकार करणे म्हणूनच गरजेचे आहे.

उंचीची चूक त्याहून जास्त पाहिली आहे. प्रोजेक्टर छताला अगदी चिकटलेला दिसावा असे सगळ्यांना वाटते. तुमच्या चित्राची वरची कड जमिनीपासून सुमारे २०५ सेंटिमीटरवर येईल. पुष्कळ डीएलपी यंत्रांत उलटे टांगल्यावर लेन्स चित्राच्या वरच्या कडेपेक्षा चित्राच्या उंचीच्या थोड्या टक्क्यांनीच वर असावी लागते. १५ टक्के धरले, तर १३७ सेंटिमीटर उंचीच्या चित्रासाठी २० सेंटिमीटर. म्हणजे लेन्स साधारण २२५ सेंटिमीटरवर, साडेसात फुटांच्या किंचित खाली हवी. छत आहे साडेनऊ फुटांवर. स्लॅबपासून दोन फुटांचा रॉड लागेल. तो टाळून यंत्र छतालगत लावले, की चित्र भिंतीवर वर चढते, मग यंत्र खाली झुकवतात, चित्र वरून निमुळते होते, आणि ते सरळ करायला डिजिटल कीस्टोन वापरतात. कीस्टोन म्हणजे पॅनेलचा काही भाग फुकट घालवून उरलेल्यात वाकडे चित्र ओढून बसवणे. त्यात धार आणि उजेड दोन्ही जातात. माझ्या कामात कीस्टोन शून्यावर असल्याशिवाय मी बिल करत नाही. लेन्स शिफ्ट असलेले यंत्र घेतले तर ही अडचण बरीच सुटते, कारण त्यात लेन्सच वरखाली सरकते आणि चित्राची हानी होत नाही. पुरेशी शिफ्ट असेल, तर मागच्या भिंतीवर भक्कम फळी ठोकून त्यावर यंत्र सरळ ठेवता येते, स्लॅबला हातही लावावा लागत नाही. शिफ्ट नसलेले डीएलपी मात्र उंच फळीवर सरळ ठेवू नका. ते चित्र वर फेकते. ते फळीच्या खाली उलटे टांगावे लागते.

आणि पंखा. लेन्स ठरवलेल्या जागी एकाने सुतळीचे टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे टोक स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला आणि मग उजव्या कोपऱ्याला न्यायचे, आणि तिसऱ्याने स्टुलावर उभे राहून पंखा बंद असताना पाते हाताने फिरवत सुतळीपर्यंतचे अंतर पाहायचे. किमान अर्धा फूट मोकळे हवे. तुमच्याकडे लेन्स साडेसात फुटांच्या खाली आणि पंखा आठ फुटांच्या वर असेल, तर ते सहज सुटते. एका घरात हे न पाहता मंडळींनी प्रोजेक्टर बसवून घेतला होता आणि वरच्या पट्ट्यात पंख्याच्या पात्यांची सावली तडतडत होती. महिनाभर त्यांनी तो यंत्राचा दोष समजून दुकानाशी भांडण केले. शिवाय टांगणीचा रॉड पीओपीच्या खोट्या छताला कधीही लावू नका. रॉड त्यातून आरपार जाऊन स्लॅबमध्ये फास्टनरने घट्ट बसला पाहिजे, आणि भोक पाडण्याआधी तिथून विजेची नळी गेलेली नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

केबलचे काम रंगाच्या आधी उरका. पुढच्या कपाटापासून वर, छतावरून मागे आणि परत खाली, असे मोजले तर तुमची एचडीएमआय १० ते १२ मीटर होईल. ४के चित्रासाठी साधी तांब्याची केबल इतक्या लांबीला भरवशाची नसते, मध्येच चित्र जाते. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते; एक टोक स्रोताचे, एक प्रोजेक्टरचे. आत ओढण्याआधी जमिनीवर जोडून तासभर चालवून पाहा. नळी २ इंची टाका, कारण एचडीएमआयचे तोंड पाऊण इंचाच्या नळीतून जात नाही, आणि आत एक जादा दोरी सोडून ठेवा. विजेची तार वेगळ्या नळीतून न्या.

आवाजाबद्दल एवढेच सांगतो, की मधला स्पीकर स्क्रीनच्या अगदी खाली, कानाकडे थोडा तिरपा करून ठेवा. संवाद तिथूनच येतात. इंटरनेटवरून सिनेमा पाहण्यासाठीची स्ट्रीमिंग स्टिक प्रोजेक्टरला न जोडता एव्ही रिसीव्हरला (स्पीकर चालवणारे आणि चित्र पुढे पाठवणारे यंत्र) जोडा, आणि तिथून एकच केबल प्रोजेक्टरकडे न्या.

पहिल्या दिवशी यंत्र चालू करून अर्धा तास तापू द्या आणि मगच फोकस करा. थंड असताना केलेला फोकस गरम झाल्यावर किंचित सरकतो. रंगमोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, कारण टीव्हीच्या निळसर पांढऱ्याला डोळे सरावलेले असतात. ब्राइटनेस या नावाचे बटण खरे तर काळ्याची पातळी बदलते. गडद दृश्यात काळ्या कपड्याच्या चुण्या जेमतेम दिसतील इथपर्यंतच ते वाढवा. काँट्रास्ट पांढऱ्याची पातळी बदलते. पांढऱ्या ढगांतला तपशील नाहीसा होऊ लागला की एक पायरी मागे या. स्क्रीन लगेच घेऊ नका. स्क्रीनच्या भिंतीला गडद रंग देण्याआधी, टीव्ही तेवढ्यापुरता उतरवून, पुट्टी घासून सपाट केलेल्या त्याच पांढऱ्या मॅट भिंतीवर पंधरा दिवस चित्र पाहा, आकार पक्का करा, मग मागवा. रोलरने रंगवलेली दाणेदार भिंत कायमची चालणार नाही; कॅमेरा आडवा सरकताना दाणे दिसतात.

देखभालीत फिल्टर दर महिन्याला मऊ ब्रशने झाडा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी यंत्र तासभर चालवा, म्हणजे लेन्सवर बुरशी धरणार नाही. कोकणातल्या घरांत मी हे आवर्जून सांगतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला १ केव्हीएचा यूपीएस जोडा. अचानक वीज गेली तर दिवा तापलेला असताना यंत्रातला पंखा बंद पडू नये, एवढेच त्याचे काम आहे. वीज गेल्यावर सिनेमा पुढे न चालवता यंत्र रीतसर बंद करा.

शेवटी टीव्हीचा प्रश्न. तो विकू नका. दुपारचा क्रिकेट सामना, सकाळच्या बातम्या आणि पाहुणे आल्यावर दिवे लावून बसण्याची वेळ, हे सगळे टीव्हीचे काम आहे आणि प्रोजेक्टर ते चांगले करत नाही. टीव्ही त्याच भिंतीवर राहू द्या आणि त्याच्यापुढे उतरणारी, कडा ताणलेली मोटरची स्क्रीन घ्या. मागवताना दोन मापे लेखी द्या. तुमच्या छतापासून चित्राच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे ८५ सेंटिमीटर अंतर आहे, तेवढी काळी पट्टी वर सोडायला सांगा, नाहीतर चित्र उंच टांगले जाईल. आणि स्क्रीनची पेटी भिंतीपासून किमान ६ इंच पुढे येईल असे ब्रॅकेट मागा, म्हणजे उतरताना कापड टीव्हीच्या कडेला घासणार नाही. टीव्ही ब्रॅकेटसकट भिंतीपासून किती पुढे आला आहे, ते मोजून कळवा. ६ इंच पुरतील की नाही, ते त्यावरून सांगतो.